मदत हवी आहे : थिबा राजवाड्यातल्या सरकारी दिवसांबद्दल

नमस्कार मंडळी, रत्नागिरीतल्या किंवा रत्नागिरीहून बाहेर गेलेल्या कोणालाही माहिती असेल तर प्लीज सांगा. थिबा राजवाड्याबद्दल विचारतोय. राजाची गोष्ट सगळ्यांना माहितीय, इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेश घेतला, थिबाला राणी आणि मुलींसकट आधी मद्रासला आणि मग १८८६ ला आपल्याकडे आणून ठेवलं, हा वाडा १९१० ला बांधून झाला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला, म्हणजे स्वतःच्या वाड्यात जेमतेम सहा वर्षं. विचार केला की खरंच पोटात कालवतं हो, एवढा मोठा राजा आणि त्या गच्चीवरून भाट्याची खाडी बघत बसायचं.

पण मला हवंय ते त्याच्या नंतरचं. १९१९ ला कुटुंब परत गेलं, आता तिथे म्युझियम आहे, मधली एवढी वर्षं सरकारने तो वाडा कशाकशाला वापरला? आमची आजी सांगायची की तिचे वडील तिथे कारकून होते आणि पावसात फायलींवर ताडपत्री घालायला लागायची. कुठलं खातं ते तिला धड आठवायचं नाही, आणि आता ती पण नाही.

कुणाच्या घरी जुने फोटो, नेमणुकीचा कागद, पत्ता असलेलं पाकीट असं काही असेल तर बघा ना. आणि असले जुने रेकॉर्ड बघायचे तर कलेक्टर ऑफिसात अर्ज करायचा की थेट मुंबईला पुराभिलेखागारात जायचं? गणपतीला गावी येतोय, तेव्हा दोन दिवस काढू शकतो.