डुकरांच्या पोटातले जिवाणू वाढवले तर स्वाइन फीव्हर टळतो का?

देपालपूर रोडवाला:
नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितोय. देपालपूर रोडला मित्राबरोबर भागीदारीत वराहपालन सुरू केलंय (आजी अजून मला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नाही, ते असो). लार्ज व्हाइट यॉर्कशायरच्या माद्या आहेत, पिल्लं आता दूध तोडायच्या वयाला आलीत. फीडवाला मागे लागलाय की जिवाणूंची पावडर घ्या, आफ्रिकन स्वाइन फीव्हरसुद्धा फिरकणार नाही, परदेशात सिद्ध झालंय. पिशवीवर लॅक्टोबॅसिलस लिहिलंय. वर म्हणतो, जोडीला अँटिबायोटिक चालू ठेवा. २०२२ मध्ये रीव्यात याच जीवघेण्या विषाणूने डुकरं मेली ते ऐकून आहे, म्हणून धाकधूक वाटते. यात तथ्य किती?

पोहेजिलेबी:
भिया, जोडीला अँटिबायोटिक? म्हणजे पाहुण्यांना आवतण द्यायचं आणि दारात काठी घेऊन उभं राहायचं!

महूची जुनी विद्यार्थिनी:
पोहेजिलेबींनी नेमकं बोट ठेवलंय, अँटिबायोटिक त्याच जिवाणूंना मारतं.

भाऊ, फीडवाला सगळंच खोटं बोलत नाहीये, पंचाईत तीच आहे. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी डुकरांच्या विष्ठेतले जिवाणू पिल्लांना आधी पाजले आणि मग पीआरआरएस (डुकरांना श्वासाचा आजार आणि गर्भपात घडवणारा) व सर्कोव्हायरस असे दोन विषाणू एकदम दिले. हे काम २०१८ मध्ये छापून आलं. जिवाणू मिळालेल्या पिल्लांमध्ये आजारही कमी, मरतूकही कमी, आणि अँटिबॉडी जास्त. हे दोन्ही आजार मुख्यतः पोटाचे नाहीत, तरी फरक पडला. आतड्यातले जिवाणू चोथा आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं, आणि लहान वयात पिल्लाची प्रतिकारशक्ती घडते ती याच जिवाणूंच्या सहवासात. दूध तुटलं की ही घडी विस्कटते. जुलाब सुरू होतात ते त्याच सुमारास.

पण तिथे अख्खी जिवाणूंची वस्ती उचलून दिली होती, शेकडो जाती. तुमच्या पिशवीत एक किंवा दोन. त्यावरून हा निकाल सांगणं म्हणजे निव्वळ विक्री.

आता आफ्रिकन स्वाइन फीव्हर. आफ्रिकेतल्या वॉर्टहॉग या रानडुकरांच्या अंगात हा विषाणू असतो, पण ती आजारी पडत नाहीत. स्पेनमधल्या गटाने २०२० मध्ये त्यांची विष्ठा पाळीव डुकरांना देऊन पाहिली. सौम्य केलेल्या विषाणूपुढे थोडंफार संरक्षण मिळालं, त्याच विषाणूच्या मूळ जहाल रूपापुढे काहीच नाही. तुमच्या शेडमध्ये येईल तो जहालच असेल. तो रोगाशी लढणाऱ्या पेशींमध्येच शिरतो, पोटातली सुधारणा तिथवर पुरत नाही.

आणि हे वाचून कुणी घरीच विष्ठेचं द्रावण करायला जाऊ नका. साल्मोनेला, जंतांची अंडी आणि उद्याचा विषाणू, सगळं एका बादलीत येतं.

दुसरं, साध्या (क्लासिकल) स्वाइन फीव्हरची लस मिळते, ती टोचून घ्या. आफ्रिकनचा विषाणू वेगळाच आहे, ही लस त्यावर चालत नाही, आणि त्यावर आपल्याकडे लस नाही. खाद्य काय देता?

देपालपूर रोडवाला:
धन्यवाद ताई. मका, कोंडा, सोयाबीनची पेंड. शिवाय भंवरकुआँकडच्या मेसचं उष्टं येतं, ड्रममध्ये. मेस शाकाहारी आहे असं सांगतात.

महूची जुनी विद्यार्थिनी:
मग पावडर राहू दे, आधी तो ड्रम बघा! शाकाहारी मेसच्या ड्रममध्ये कोण काय टाकून जातं ते मेसवाल्यालाही ठाऊक नसतं. रोग यायला डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा पुरतो, खारवलेल्या किंवा गोठवलेल्या मांसात आफ्रिकनचा विषाणू महिनोन्महिने टिकतो. जमलं तर उष्टं बंदच करा. नाही जमलं तर तासभर ढवळत उकळा, आणि कच्च्या उष्ट्याचा ड्रम व उकळलेल्याची बादली कधी एकत्र नकोत. खरेदीदाराची गाडी फाटकाबाहेर. नवीन जनावर महिनाभर वेगळं.

एकाएकी चढलेला ताप, कान आणि पोट जांभळं, पाठोपाठ मरतूक, असं दिसलं तर मेलेलं जनावर कापू नका, विकूही नका. सरळ सरकारी पशुवैद्यकांना फोन. नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातो.

देपालपूर रोडवाला:
आणि पावडर? जुलाबांपुरती तरी?

महूची जुनी विद्यार्थिनी:
जुलाबांपुरती करून बघा, हरकत नाही. दर ग्रॅमला जिवंत जिवाणू किती, हे पिशवीवर छापलेलं नसेल तर परत करा. असेल तर निम्म्या पिल्लांना द्या, निम्म्यांना नको, आणि वजन व जुलाब वहीत लिहा. अँटिबायोटिक पशुवैद्यकांनी लिहून दिलं तरच.

देपालपूर रोडवाला:
पिशवी पाहिली. जिवाणूंचा आकडा नाही, पण गुलाबी डुकराचं चित्र मात्र झकास आहे. उद्या परत करतो.