विषय: बालनाट्यातील अंतराळरक्षकांची चिलखते

प्रेषक: समन्वयक, बालनाट्य समिती

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

गणेशोत्सवातील बालनाट्यात यंदा सहा अंतराळरक्षक आहेत. नऊ ते बारा वर्षांच्या या सहा मुलांना पंचवीस मिनिटे रंगमंचावर धावायचे आहे, गुडघ्यांवर बसायचे आहे आणि शेवटच्या प्रसंगात लेझीमही खेळायचे आहे. दुकानात मिळणारे तयार पोशाख आम्ही पाहून आलो. पातळ कापडावर चिलखताचे चित्र छापलेले असते आणि तिसऱ्या रांगेतूनही ते चित्रच दिसते, म्हणून चिलखते घरीच करावीत असे समितीचे मत पडले. गेल्या हॅलोविनला ज्या सभासदांनी आपल्या मुलीसाठी फोमचे संपूर्ण चिलखत केले होते, त्यांनी साहित्य, पद्धत आणि धोके यांविषयी कृपया सविस्तर लिहावे. मखराच्या थर्माकोलचे बरेच तक्ते मंडळाच्या कपाटात पडून आहेत. त्यांचा उपयोग होईल का, हेही कळवावे.

आपली,
समन्वयक

प्रेषक: मखर समिती

ताई, नमस्कार.

थर्माकोलचा उपयोग का होणार नाही? गिरगावात आमच्या चाळीच्या गणपतीसाठी आम्ही तापलेल्या तारेने थर्माकोल कापून महिरपी, खांब आणि एके वर्षी आख्खा गरुड केला होता. महाराष्ट्रात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे हे मला ठाऊक आहे. पण इथे परदेशात आणून ठेवलेला माल फेकण्यापेक्षा त्याचे काहीतरी होऊ द्यावे. दोन तक्ते पुढे, दोन मागे, बाजूंना फेविकॉल आणि वरून चंदेरी रंगाचा फवारा, एवढ्याने एका संध्याकाळी एक चिलखत होईल. मी यायला तयार आहे.

मखरवाले काका

प्रेषक: फोमचे चिलखत केलेला पालक

काकांना आणि सर्वांना नमस्कार,

काका, तुमच्या हाताची सफाई आम्ही दरवर्षी पाहतो, त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. थर्माकोल जागच्या जागी उभ्या राहणाऱ्या वस्तूसाठी उत्तम आहे. धावणाऱ्या मुलाच्या अंगावर मात्र तो पहिल्याच वाकण्यात मोडतो आणि त्याचे पांढरे दाणे रंगमंचभर होतात. दुसरी अडचण रसायनाची आहे. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन, आणि फवाऱ्याच्या रंगात किंवा बुटाला लावतात तशा पिवळ्या चिकटद्रव्यात जी द्रावके असतात, त्यांत ते साखरेसारखे विरघळते. चंदेरी फवारा मारल्यावर तक्त्याला खड्डे पडलेले तुम्हीही कधीतरी पाहिले असतील.

ज्या फोमची चिलखते करतात त्याला ईव्हीए, म्हणजे इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणतात. धावण्याच्या बुटांच्या तळव्यात तोच असतो. व्यायामाच्या खोलीत किंवा लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर अंथरायच्या, कडांना दाते असलेल्या दोन फूट बाय दोन फूट चटया मिळतात, त्या घ्याव्यात. सहा चटयांच्या एका गठ्ठ्यात दहा वर्षांच्या मुलाची छाती, पाठ, खांदे, मनगटापासून कोपरापर्यंतचे भाग आणि नडगीचे भाग होऊन थोडा फोम उरतो. खडबडीत नक्षीची बाजू आत ठेवावी. बारीक पट्ट्या, कडा आणि उठाव यांसाठी दोन मिलिमीटर आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीचा हस्तकलेचा फोम लागतो. नव्या चटयांना वास येतो. फोममधून सुटणाऱ्या फॉर्मामाइड नावाच्या द्रव्यासाठी युरोपियन संघाने मुलांच्या खेळण्यांच्या बाबतीत २०१५ साली मर्यादा घातली, हे लक्षात घेऊन मी चटया उघडून काही दिवस गॅरेजच्या दाराशी उभ्या करून ठेवतो.

आता माप, कारण सगळे यश किंवा फजिती तिथेच ठरते. मी पहिले शिरस्त्राण केले तेव्हा कागदी नमुना उतरवून घेतला, घरच्या प्रिंटरवर छापला, फोमवर ठेवून कापला, आठ संध्याकाळी खपून जोडला, आणि ते मुलीच्या कानांपाशी अडकले. नमुना ए-४ आकाराच्या पानासाठी होता, माझ्या प्रिंटरमध्ये अमेरिकन लेटर आकाराचा कागद होता, आणि यंत्राने मला न विचारता चित्र पानात बसवून घेतले होते. ए-४ ची उंची २९७ मिलिमीटर, लेटरची सुमारे २७९. म्हणजे सगळे शिरस्त्राण जवळजवळ सहा टक्क्यांनी आकसले. साठ सेंटिमीटरचा घेर साडेछप्पनचा झाला. तेव्हापासून मी छपाईचे प्रमाण शंभर टक्के ठेवतो आणि नमुन्यावर एक इंचाचा चौकोन नसेल तर स्वतः काढून तो पट्टीने मोजतो.

आयता नमुना नको असेल तर अंगावरूनच घेता येतो, आणि सहा वेगवेगळ्या बांध्यांच्या मुलांसाठी मला तीच पद्धत पसंत आहे. मुलाला जुना टी-शर्ट घालावा, त्यावर स्वयंपाकघरातील पातळ प्लास्टिकचा पापुद्रा सैलसर गुंडाळावा, त्यावर रुंद चिकटपट्टीचे तुकडे लावावेत, मग चिलखताच्या रेषा मार्करने त्यावरच काढून मागच्या बाजूने बोथट टोकाच्या कात्रीने सगळे कापून उतरवावे. गळ्याभोवती गुंडाळू नये, आणि मुलाला कंटाळा येण्याच्या आत संपवावे. रेषांवरून कापले की सपाट न होणारा भाग कुठे आहे हे लगेच कळते. तिथे पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून टक्स घ्यावा लागतो.

फोमला जाडी असते, कागदाला नसते, हे विसरल्याने मनगटाचे भाग नेहमी घट्ट होतात. दहा मिलिमीटरचा फोम हाताभोवती गोल वळवला की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. म्हणून आतल्या घेरात जाडीच्या ३.१४ (π) पट, म्हणजे सुमारे एकतीस मिलिमीटर, मिळवूनच पट्टी कापावी. सहा मिलिमीटरच्या फोमला हीच भर एकोणीस मिलिमीटर होते. आतल्या बाहीसाठी आणि हात सहज सरकण्यासाठी आणखी दोन-तीन सेंटिमीटर सोडावेत.

कापण्याला कटर हवा, आणि पाते फार लवकर बोथट होते. बोथट पात्याने फोम कुरतडला जातो आणि सांधा कधीच नीट जुळत नाही. दर चार-पाच कापांनंतर पाते बारीक दगडावर दोन हात फिरवावे. कापलेल्या तुकड्यावर हीट गन, म्हणजे कडक गरम हवा फेकणारे यंत्र, एकसारखी फिरवत राहावी. पृष्ठभाग किंचित चमकला की वरची छिद्रे मिटली असे समजावे, आणि त्याच वेळी तुकडा गुडघ्यावर किंवा पातेल्यावर दाबून थंड होईपर्यंत धरावा, म्हणजे तो वळण सोडत नाही. एका जागी गन थांबली तर फोम करपतो आणि त्याचा धूर घेण्यासारखा नसतो.

चिकटवण्यासाठी कॉन्टॅक्ट सिमेंट, म्हणजे आपल्याकडचे सुतार सनमायका बसवायला जे वापरतात त्या जातीचे. दोन्ही कडांना पातळ थर लावावा, बोट लावल्यावर चिकटेनासे होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मगच जोडावे. एकदा टेकले की हलवता येत नाही. हे काम मुलांनी करू नये. वाफांसाठी साधा धुळीचा मास्क उपयोगाचा नाही, द्रावकाच्या वाफांसाठीची गाळणी असलेला लागतो. आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्यापैकी बऱ्याच घरांना लागू आहे. या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि पेट घेतात, आणि आपल्या गॅरेजमध्ये पाणी तापवण्याचा गॅसचा बंब असतो. ज्यांच्याकडे असा बंब आहे त्यांनी चिकटवण्याचे काम अंगणात करावे.

आपला,
फोमवाला

प्रेषक: वेशभूषा समिती

सर्वांना नमस्कार,

फोमचे मला काही कळत नाही, पण चाळीस वर्षे ब्लाउज शिवल्यामुळे मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, कळतो. गेल्या हॅलोविनला तुमची लेक आमच्या दारी आली होती तेव्हा चिलखत पाहून मी थक्क झाले, पण चॉकलेट घ्यायला तिला हात पुढे करता येईना, ते तिच्या आईने घेतले. कारण साधे आहे. तुम्ही मुंढा खांद्याच्या टोकावर ठेवलात. कडक मालाचा मुंढा काखेत आणि पुढच्या बाजूला आत खोल घ्यायला हवा, आणि छातीचा पत्रा कमरेपाशी न थांबता बरगड्यांच्या खाली थांबला पाहिजे, नाहीतर मूल बसले की पत्रा वर सरकून हनुवटीला लागतो. काखेत फोम नकोच. तिथे ताणणाऱ्या काळ्या कापडाचा चौबगला, म्हणजे काखेतला चौकोनी तुकडा, आतल्या सदऱ्यालाच घालावा, म्हणजे हात वर झाला तरी उघडे दिसणार नाही. लेझीम खेळायचे असेल तर खांद्याचे तुकडे छातीला चिकटवू नका. रुंद इलॅस्टिकने आतल्या सदऱ्यावर टांगते ठेवा. बाजूंना प्लास्टिकची दाबून उघडणारी बकले लावावीत. वेलक्रो घामाने आणि धाग्यांनी दोन तालमींत ढिले होते.

वेशभूषेच्या मावशी

प्रेषक: मखर समिती

मावशींचे पटले. मी चौकोनी खोक्याचा विचार करत होतो, आणि आपल्याकडचे जुने चारआईने डोळ्यांसमोर असायला हवे होते: छाती, पाठ आणि दोन कुशींचे चार वेगळे पत्रे, पट्ट्यांनी जोडलेले, म्हणून घोड्यावरचा माणूस वळू शकत असे. फोमचेही चारच तुकडे करा. थर्माकोलचा हट्ट मी सोडतो. त्याचे यानाचे दार करू, ते कुठे वाकणार नाही. रंगाचे मात्र माझ्याकडे द्या.

मखरवाले काका

प्रेषक: फोमचे चिलखत केलेला पालक

मावशी, चॉकलेटची गोष्ट खरी आहे, आणि मुंढ्याची चूकही मान्य. चारआईन्याची रचनाच घेऊ. कुशींचे पत्रे पाच मिलिमीटरच्या फोमचे केले तर श्वास घेतानाही ते सोसतील.

काका, रंग तुमचाच. एवढीच विनंती आहे की उघड्या फोमवर थेट रंग देऊ नये, तो शोषला जातो आणि वाकल्यावर तडकतो. गन फिरवून पृष्ठभाग मिटवल्यावर तुमचे फेविकॉल पाण्यात निम्मे पातळ करून त्याचे चार-पाच पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. कोपर आणि गुडघा अशा सतत वाकणाऱ्या भागांवर रबरासारखा लवचिक थर देणारा फवारा अधिक टिकतो. यानाच्या दारालाही फवाऱ्याआधी हेच फेविकॉल लावले तर थर्माकोल वाचेल. फक्त एकही कोपरा सुटू देऊ नये. चंदेरी रंग वाळल्यावर काळा-तपकिरी ॲक्रिलिक पाण्यासारखा पातळ करून खाचांत सोडावा आणि वरचा लगेच फडक्याने पुसावा. नुसत्या चंदेरी रंगाचे चिलखत पंचपक्वान्नाच्या ताटासारखे दिसते. खाचांत मळ बसला की ते धातूचे वाटू लागते. रिव्हेटऐवजी बाटल्यांची झाकणे आणि सपाट बटणे चालतील.

छातीवर दिवा हवा अशी मुलांची मागणी आहे. बटणासारखे चपटे सेल मी वापरणार नाही, कारण गिळले गेले तर अन्ननलिका भाजून काढतात. अमेरिकेत २०२२ साली त्यांच्या झाकणांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत दोन पेन्सिल सेल पुरतील. शिरस्त्राण सहाही जणांना देऊ नये असे माझे मत आहे. आत उकडते, वाफेने काच धुकटते आणि संवादही ऐकू येत नाहीत. एकाच नायकाला देऊ, आत जुन्या सायकल हेल्मेटची पट्टी बसवू आणि तोंडाचा भाग उघडा ठेवू.

ईव्हीए पेट घेतो आणि वितळून अंगाला चिकटतो. बालनाट्यानंतर लगेच आरती आहे आणि मुले त्याच वेषात निरांजनाभोवती गर्दी करतील, म्हणून चिलखते पडदा पडल्याबरोबर पडद्यामागेच उतरवायला हवीत. बकले असल्यामुळे एका मुलाला अर्धे मिनिटही लागणार नाही.

आपला,
फोमवाला

प्रेषक: समन्वयक, बालनाट्य समिती

सर्वांचे आभार. शनिवारी दुपारी तीन वाजता मावशींच्या घरी सहाही मुलांची मापे घेऊ. छाती, कंबर, डोक्याचा घेर आणि मनगट-कोपर-नडगीचे घेर उभे राहून घेऊ. छातीच्या पत्र्याची लांबी मात्र मूल खाली मांडी घालून बसलेले असताना घेतली जाईल. रंगमंचावर जे बूट घालायचे आहेत तेच पायांत हवेत. चिकटवण्याचे काम रविवारी सकाळी आमच्या अंगणात होईल. आमचा बंबही गॅसचा आहे, हे काल रात्री गॅरेजमध्ये जाऊन पाहिले. आरतीआधी चिलखते उतरवण्यासाठी पडद्यामागे दोन पालक हवेत, नावे याच उत्तरात कळवावीत.