प्रकाशवेगाची मर्यादा असली तरी तारे आवाक्याबाहेर नाहीत

केळीबाग_यावल:
राम राम मंडळी. परवा रात्रीच्या लायटीवर पाणी भरत होतो, भाचा सोबत होता. दक्षिणेला क्षितिजालगत 'मित्र' नावाचा तारा (अल्फा सेंटॉरी) दाखवला. अंतर ४.३७ प्रकाशवर्षं. पोरगं म्हणालं, "मामा, म्हणजे यानातल्या माणसाची चार वर्षं तरी जाणारच." मी हो म्हणालो. ते चुकलं. जमिनीवर जाणवतं तेवढंच वजन जाणवेल अशा बेताने यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत गेलं आणि पुढे तसंच आवरत गेलं, तर मध्यावर ते प्रकाशाच्या ९५ टक्के वेगाला पोचतं. आपल्याकडे ६ वर्षं होतात, यानात साधारण ३.६. जितकं लांब जाल तितकी ही तफावत वाढते. प्रकाशवेगामुळे तारे कायमचे दूर, हे पोरांना शिकवणं थांबवा.

दीपनगर_पाळी:
भाऊ, गणित बरोबर, मत पटलं नाही. १ किलो वस्तूला ९५ टक्के वेग द्यायचा तर सुमारे ५६०० कोटी युनिट लागतात. आमच्या वीज केंद्रातला ५०० मेगावॅटचा संच एक दिवसही बंद न पडता वर्षभर चालला तरी ४३८ कोटी. म्हणजे एका किलोला जवळपास १३ वर्षांची वीज, आणि तिकडे थांबायचं ते वेगळंच. सूर्याच्या ओढीचा फायदा घेऊन नासाचं सूर्याकडे पाठवलेलं पार्कर यान २०२४ मध्ये ताशी ६ लाख ९२ हजार किमीला पोचलं. तो प्रकाशवेगाच्या ०.०६ टक्क्यांच्या आसपास. पोरांना हे सांगा.

केळीबाग_यावल:
दोन्ही सांगतो. पण अडतंय ते इंधनाला, नियमाला नाही. म्युऑन कण सेकंदाच्या २.२ दशलक्षांशाएवढा सरासरी जगतो, तरी वरच्या हवेत जन्मून आपल्या वावरापर्यंत पोचतो. काळ मंदावतो म्हणूनच.

दीपनगर_पाळी:
म्युऑनला डबा, पाणी, पोरंबाळं न्यायची नसतात. शिवाय त्या वेगाला वाटेतला विरळ हायड्रोजनसुद्धा किरणोत्सर्गासारखा अंगावर येतो.

पाटणादेवी_मास्तर:
एक दुरुस्ती. आपलं अंतर भागिले यानातली वर्षं, असा हिशोब करून भाच्याला "प्रकाशापेक्षा जोरात" म्हणू नका. प्रवाशाच्या मापाने वाटच आखूड होते, मध्यावर तर सव्वातीन पट. त्याच्याही लेखी वेग प्रकाशाच्या आतच राहतो. पहिल्या पोस्टीत हे यायला हवं होतं.

केळीबाग_यावल:
मान्य, गुरुजी. आज रात्री पुन्हा पाळी आहे, भाच्याला वाट आखूड होण्यापासूनच सांगतो. दीपनगरवाल्या भाऊंचे १३ वर्षांचे आकडेही सांगेन. मत मात्र तेच.