इब्लिस फरिश्ता होता की जिन्न?

धागा
इब्लिसला, म्हणजे कुराणातल्या सैतानाला, सरसकट 'बंडखोर फरिश्ता' (देवदूत) म्हणतात, ते मला साफ चुकीचं वाटतं. कुराणातली सूरह कहफ (18:50, म्हणजे अध्याय 18, आयत 50) स्वच्छ सांगते, 'तो जिन्नांपैकी होता.' त्याच आयतीत त्याच्या संततीचाही उल्लेख आहे, आणि फरिश्त्यांना संतती नसते. सहीह मुस्लिम या संग्रहातल्या हदीसप्रमाणे (पैगंबरांच्या वचनाप्रमाणे) फरिश्ते नुरापासून (प्रकाशापासून) घडले, जिन्न आगीपासून. इब्लिस स्वतःच अल्लाहला म्हणतो, 'तू मला आगीपासून घडवलंस' (7:12). मग वाद उरतो कुठे?

प्रतिसाद १
सूरह बकरात उरतो. 2:34 मध्ये 'आदमला सजदा करा (जमिनीवर माथा टेका)' हा अल्लाहचा हुकूम फरिश्त्यांना आहे. सगळ्यांनी केला, 'इब्लिस वगळता'. तो त्यांच्यातला नसेल तर हुकूम त्याला लागूच नव्हता; मग शिक्षा कशाची? कुराणाचे भाष्यकार तबरी (मृत्यू इ.स. 923) यांचा कल तो फरिश्ता होता याकडेच आहे. पैगंबरांचे सहकारी इब्न अब्बास यांच्या नावावरची एक रिवायत (परंपरेनं आलेलं कथन) ते देतात, की फरिश्त्यांच्याच एका टोळीला 'जिन्न' म्हणत. त्या शब्दाच्या मुळाशी दडलेलं असणं आहे. डोळ्यांना न दिसणारे फरिश्तेही त्यात बसतात.

धागाकर्ता
7:12 चा पूर्वार्ध पाहा: 'मी तुला हुकूम दिला तेव्हा सजदा करण्यापासून तुला कशानं रोखलं?' हुकूम थेट त्याला होता. राहिलं 'वगळता'. अरबी व्याकरणात इस्तिस्ना, म्हणजे 'वगळता' हा प्रयोग, दोन तऱ्हेचा. मुत्तसिलमध्ये वगळलेला त्याच गटातला असतो, मुनकतेमध्ये गटाबाहेरचा. व्याकरण शिकवताना नेहमी देतात ते उदाहरण: 'लोक आले, गाढव वगळता.' एवढ्यानं गाढव माणूस ठरत नाही! सुरुवातीच्या काळातले विद्वान हसन बसरी (मृत्यू इ.स. 728) तर म्हणत, इब्लिस पापणी लवण्याइतका वेळही फरिश्ता नव्हता.

प्रतिसाद २
मुनकते हा प्रकार असतो, मान्य. पण मुत्तसिल हा मूळ नियम. तो लागू पडत असताना तो सोडायला सबळ कारण हवं. आणि 'फरिश्ते अवज्ञा करत नाहीत' म्हणून 66:6 पुढे कराल, तर ती आयत जहन्नमवर (नरकावर) नेमलेल्या कठोर फरिश्त्यांविषयी आहे. ती सगळ्या फरिश्त्यांना कशी लावणार?

धागाकर्ता
66:6 बाजूला ठेवू. 21:26-27 घ्या: फरिश्ते 'सन्मानित दास' आहेत, अल्लाहच्या आधी बोलत नाहीत, त्याच्याच हुकमानं वागतात. तिथं जहन्नमच्या पहारेकऱ्यांचा विषयच नाही. 18:50 मध्येही 'जिन्नांपैकी होता' याला लागूनच 'म्हणून त्यानं आज्ञा मोडली' असं येतं. अरबीतला तो 'फ' कारण जोडतो. जिन्न म्हणजे नुसते 'न दिसणारे' असा अर्थ घेतला, तर ते कारणच उरत नाही.