रिक्षावाल्यांच्या परमिट-पासिंगच्या पैशाचा हिशोब कोण देणार?

एमएच१३ रिक्षा:
सोलापुरातल्या रिक्षावाल्यांनी हे एकदा नीट विचारायला पाहिजे. लायसनला पैसे, बॅजला पैसे, परमिट दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं त्याला पैसे, गाडी आठ वर्षांच्या पुढं गेली की पासिंग, म्हणजे गाडीची फिटनेस तपासणी, दरवर्षी. पासिंगची तारीख चुकली तर दिवसाला ५० रुपये वेगळे, तो नियम केंद्राने २०१६ ला आणला आणि २०२४ ला राज्यभर रिक्षावाले रस्त्यावर उतरले तेव्हा कुठं वसुलीला स्थगिती मिळाली. एवढं भरून मिळतं काय? मी नंबर लावतो त्या स्टँडला शेड नाही, नळ नाही, लघवीला जायला जागा नाही. मे महिन्यात आपल्याकडचं ऊन माहितीये सगळ्यांना, सीटला हात लावला की चटका बसतो, म्हणून लिंबाच्या सावलीला गाडी घेतली तर लगेच फोटो आणि चलन. महापालिकेने या पैशाचं काय केलं ते सांगावं.

जुळे सोलापूर:
मालक, तुमचा त्रास खराय पण पत्ता चुकला. यातला एक रुपया महापालिकेला जात नाही. आरटीओ राज्याचं खातं, पैसे राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतात, घटनेचं कलम २६६ बघा. तिथं रिक्षाचा गल्ला वेगळा नसतो आणि नसावा. ज्याने भरले त्याच्यावरच खर्च करायचं ठरलं तर दारूचा टॅक्स कुणावर खर्च करणार?

विडी घरकुल:
पत्ता चुकला म्हणून प्रश्न चुकत नाही की ओ. आणि टॅक्स वेगळा, फी वेगळी, सुप्रीम कोर्टाने १९५४ लाच शिरूर मठाच्या केसमध्ये सांगितलंय की फी घेतली तर त्याबदली काहीतरी सेवा पाहिजे. ब्रिटनमध्ये टॅक्सीचं लायसन तिथली नगरपालिकाच देते, १९७६ चा कायदा आहे. वेकफिल्ड गावच्या टॅक्सीवाल्यांनी कौन्सिलला कोर्टात खेचलं, चालकांवरच्या कारवाईचा खर्च तुम्ही गाडीच्या फीत कसा काय घातला म्हणून. २०१९ ला अपील कोर्टात कौन्सिल हरली. म्हणजे कुठला पैसा कुठल्या खर्चाला हे तिथं विचारता येतं, आपल्याकडं पावती घेऊन गप घरी यायचं.

जुळे सोलापूर:
अर्धंच सांगताय. त्याच कोर्टाने म्हटलंय की तो खर्च चालकाच्या लायसन फीतनं काढता येईल, म्हणजे खिसा शेवटी चालकाचाच. आणि १९५४ वर थांबू नका, १९८३ ला श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टच म्हणालं की रुपयाला रुपया असा हिशोब जुळायलाच पाहिजे असं नाही. फी ही गाड्या तपासायला, कागद ठेवायला असते. शेड बांधायला नसते.

विडी घरकुल:
शेडचं म्हणाल तर त्या ब्रिटनच्या कायद्याचं कलम ७० वाचा, टॅक्सी स्टँड करायचा खर्च गाडीच्या फीतनं काढता येतो असं तिथं सरळ लिहिलंय.

रोजची प्रवासी:
मी आसरा चौकातनं रोज स्टेशनला जाते. सिटी बस वेळेवर मिळत नाही म्हणून रिक्षाशिवाय इलाज नाही, आणि मीटर टाका म्हटलं की तोंड वाकडं. रात्रीच्या गाडीने उतरलं की मनाला येईल तो आकडा सांगतात, सोबत म्हातारं माणूस असलं की द्यावाच लागतो. आधी मीटर, मग शेड. आमचीही बाजू कुणीतरी धरा.

एमएच१३ रिक्षा:
ताई, रात्री अडवून पैसे घेणारे आहेत, त्यांच्यावर कारवाई व्हावीच, आमच्याच फीतनं व्हावी, माझी ना नाही. पण २०१७ ला सरकारने परमिट खुलं केलं, गाड्या वाढत गेल्या आणि आमच्या स्टँडची जागा आहे तेवढीच, मग रिक्षा चौकात उभी राहणार नाहीतर कुठं? महापालिकेचं म्हणाल तर जुळे सोलापूरवाल्यांचं बरोबर आहे, फी तिकडं जात नाही. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ प्रमाणे स्टँडची जागा स्थानिक संस्थेशी बोलूनच ठरवायची असते, मग दोघांनाही विचारणार. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयात होतो. एक आरटीओला, सोलापुरातनं रिक्षाचं किती जमा झालं. एक महापालिकेला, मंजूर स्टँड किती आणि त्यावर खर्च किती.

जुळे सोलापूर:
अर्ज जरूर टाका. पण सोयी पाहिजेत तर राज्याने रिक्षा-टॅक्सी चालकांचं कल्याणकारी मंडळ काढलंय, ५०० रुपये नोंदणी, वर्षाला ३००, तिकडं मागा.

एमएच१३ रिक्षा:
म्हणजे परमिटचे भरले, पासिंगचे भरले, आता सोयीसाठी परत आम्हीच ८०० भरायचे. आधीच्या पैशाचं काय झालं ते तरी सांगा कुणीतरी.