ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथे फिरता येतं अशा गेममध्ये, तुम्हाला कोणाशी अजून बोलायचं होतं?

स्कायरिममध्ये (२०११) जगाच्या मुळावर उठलेल्या अल्डुइन ड्रॅगनला मारून मी व्हाइटरन शहरात परतलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, घरचे सगळे झोपलेले. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं ऐकवलं, मीही तुझ्यासारखाच भटकायचो, मग गुडघ्यात बाण लागला. पहिल्या दिवशीही त्यानं हेच ऐकवलं होतं. जग वाचवून आलेल्याला निदान "आलास का?" तरी म्हणावं! बर्फ, नद्या, आभाळातले हिरवे झोत सगळं इतकं जिवंत, आणि माणसांपाशी गेलं की एकटं वाटतं. तुमचेही अनुभव लिहा. कोणी निराश केलं, कोण मनात राहिलं? गेम जुना असला तरी चालेल.

सातारा
सायबर कॅफेत तासाला पंधरा रुपये मोजून आम्ही सॅन अँड्रियास (२००४) खेळायचो. बाकीची पोरं गाड्या पळवायची, मला मात्र वाय आणि एन या दोन बटणांचं वेड. रस्त्यावरचं कोणी गेमच्या नायकाच्या, सीजेच्या कपड्यांवरून, गाडीवरून बोललं की वाय दाबून गोड उत्तर, एन दाबून खवचट. ग्रोव्ह स्ट्रीटवर मी तासन् तास नुसतं वाय दाबत फिरलोय. दोन-तीन वाक्यं झाली की माणूस चालू पडायचा. मी मागोमाग जायचो. तो कोपऱ्यावरून वळायचा, मी वळेपर्यंत रस्ता रिकामा. घरी गेला असेल, असं मला कितीतरी दिवस वाटायचं. नजरेआड झालेला माणूस गेम पुसूनच टाकतो हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

नागपूर
स्कायरिममध्ये मी माझ्यासोबत लढणाऱ्या लिडियाशी लग्न केलं. मारा देवीचं लॉकेट गळ्यात घालायचं, बोलणं काढायचं, रिफ्टनच्या देवळात लग्न लागतं. मग दिवसातून एकदा घरचं जेवण आणि दुकानाच्या नफ्यातली शंभर नाणी. संसार एवढाच. लग्नाआधी गुहेत सामान उचलताना "तुमचं ओझं वाहायची शपथ घेतलीय" म्हणायची, त्या आवाजातली कुरकुर मला जास्त जवळची वाटायची.

पणजी
विचर ३ या गेममधला ब्लडी बॅरन. नोव्हिग्राडच्या बाजारातलं एक माणूस आठवत नाही, हा विसरता येत नाही. दारुडा, बायकोला मारहाण करणारा. त्याच्या न जन्मलेल्या बाळाचं भूत झालेलं असतं. रात्री वादळात तो ते हातात घेऊन चालतो, उंबऱ्याशी त्याला नाव देऊन पुरतो. माझा राग गेला नाही, पण मी त्याच्यासोबत चालत राहिले.

कोल्हापूर
मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला, प्लेस्टेशन घरीच राहिलं. निवृत्तीनंतर मी त्यावर रेड डेड रिडेम्प्शन २ (२०१८) शिकलो. गोळीबारात मला रस नाही. घोडा काढायचा, व्हॅलेंटाइनच्या चिखलातून जायचं, दिसेल त्याला रामराम करायचा. समोरचा एखादं वाक्य बोलतो. पण कुठले तुम्ही, घरी कोण असतं, हे विचारायची सोयच नाही. रामराम करा, नाहीतर कुरापत काढा, नाहीतर लुटा. आमच्याकडे पारावरचा माणूस एवढ्यावर सोडत नाही कुणाला. पण एकदा शिकारीच्या नादात बरेच दिवस टोळीच्या तळावर गेलोच नाही. गेलो तर एकानं आर्थरला, म्हणजे मी खेळतो त्या नायकाला, हटकलं, होतास कुठे इतके दिवस? मी कंट्रोलर खाली ठेवला. आमच्या घरात हे माझी आई म्हणायची.

पुणे
काका, तुमच्या अनुभवावर थोडं लिहिते, मी गेममधल्या संवादांच्या टेस्टिंगचं काम करते. वाटसरूंच्या अशा छोट्या वाक्यांना आम्ही 'बार्क' म्हणतो. वीस पहारेकरी एकाच साठ्यातून बोलतात. प्रत्येक वाक्य लिहायचं, रेकॉर्ड करायचं, भाषांतरित करायचं, आणि ते नको तिथे येत नाही ना हे तपासायचं. तुमच्या गेममध्ये पाच लाख ओळी असल्याचं तो करणाऱ्यांनी सांगितलं होतं, तरी तुम्हाला एका वाक्यावर थांबावं लागतं, कारण ओळी वाढवणं वेगळं आणि लक्षात ठेवणं वेगळं. अल्डुइन मेला याची नोंद गेमकडे असतेच. पण ती बघून पहारेकऱ्यानं, लोहारानं, भाजीवालीनं वेगळं बोलायचं, तर प्रत्येकासाठी नवं लिहावं लागतं. मुदत जवळ आली की आधी हेच कापलं जातं. मला ते आजही पटत नाही.

ठाणे
झेल्डा : मेजोराज मास्क (२०००). गाव छोटं, तीन दिवसांनी त्यावर चंद्र कोसळणार, आणि प्रत्येकाचं स्वतःचं वेळापत्रक. त्यातला पोस्टमन मिनिटाबरहुकूम धावतो. शेवटच्या रात्री गाव रिकामं झालेलं, हा मात्र टपालखोलीत तळमळत असतो. पळायचंय, पण वेळापत्रकात पळणं लिहिलेलं नाही. मी त्याच्याकडे तातडीचं पत्र दिलं. ज्यांचं होतं त्या बाईंनीच त्याला सांगितलं, आता जा. त्यानं आनंदानं आपली टोपी मला दिली आणि निघाला. मग मी वेळ मागे फिरवली. पहिल्या दिवशी सकाळी तो पुन्हा पेट्यांपाशी धावत होता, मला ओळखत नव्हता. टोपी मात्र माझ्याकडेच होती.