एक्सेलची शीट दुसऱ्या फाइलमध्ये नेताना फॉरमॅटिंग कसं टिकवायचं?

म्हापसेकर: काजू खरेदीच्या फाइलमधली 'सत्तरी' शीट नव्या हंगामाच्या फाइलमध्ये न्यायची आहे. कॉपी-पेस्ट केलं की कॉलमांची रुंदी आणि प्रिंटची मांडणी जाते.

फोंडेकर: सेल नव्हे, अख्खी शीट न्या. दोन्ही फाइल उघड्या ठेवा. टॅबवर राइट-क्लिक, 'मूव्ह ऑर कॉपी', 'टू बुक'मध्ये नवी फाइल, आणि 'क्रिएट अ कॉपी'वर टिक. टिक करायची राहिली तर शीट जुन्या फाइलमधून निघूनच जाते, अनडूही होत नाही.

मडगावकर: रंग बदलले तर घाबरू नका, नव्या फाइलची थीम लागते, 'पेज लेआउट'मधून 'कलर्स' जुळवा. खरी डोकेदुखी सूत्रांची. 'सत्तरी'तले भाव 'दर' शीटवरून येत असतील तर नक्कल जुन्या फाइलमधूनच भाव उचलत राहते. म्हणून कंट्रोल दाबून दोन्ही टॅब निवडा आणि एकदम न्या. शीटमध्ये 'टेबल' असेल तर एक्सेल असं करू देत नाही. मग एकेक न्या, आणि 'डेटा'तल्या 'एडिट लिंक्स'मध्ये (नव्या एक्सेलमध्ये 'वर्कबुक लिंक्स') 'चेंज सोर्स' करून नवी फाइलच निवडा.

म्हापसेकर: ओळी कमी असल्याचा एरर येतोय.

फोंडेकर: नवी फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली आहे. तिच्यात ६५,५३६ ओळी, एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६. 'सेव्ह अ‍ॅज'ने एक्सएलएसएक्स करा, बंद करून परत उघडा, मग न्या.